सही मिळाली, पण वाचलं कुणी?

प्रश्न: मी चार वर्षं बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए) म्हणून काम करतेय. मागचा प्रोजेक्ट गोदामात परत येणाऱ्या मालाच्या सिस्टीमचा होता. सिस्टीमने काय काय करायचं हे सांगणारं १४० पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी लिहून अकरा जणांना रिव्ह्यूसाठी पाठवलं. दोन आठवड्यांत फक्त दोघांचे शेरे आले, त्यातला एक स्पेलिंगचा. तीन रिमाइंडरनंतर सगळ्यांचं ‘अप्रूव्ह्ड’ आलं. पाच महिन्यांनी यूएटीत, म्हणजे वापरणारे स्वतः सिस्टीम तपासतात तेव्हा, गोदामाचे प्रमुख म्हणाले, “हे आम्ही मागितलंच नव्हतं.” आमच्या मॅनेजरनी सगळ्यांसमोर त्यांचाच अप्रूव्हलचा मेल स्क्रीनवर लावला. पुढे जे झालं ते लिहीत नाही. २७ तक्रारींची यादी अजून तशीच पडून आहे. आता दुसरा टप्पा सुरू होतोय आणि तेच प्रमुख म्हणतात, “मी यापुढे कशावरही सही करणार नाही. सही केली की तुम्ही अडकवता.” मॅनेजर म्हणतात, सहीशिवाय कोडची एक ओळ लिहायची नाही. टीममधला एक जण म्हणतो, आपण आता अजाइल आहोत, थोडं थोडं बनवून दाखवत जातो, सही हवीच कशाला? लोकांना वाचायला कसं लावू? आणि सहीचं काय करू?
– दोन्हीकडून मार खाणारी

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या सगळ्या मंडळींत मला सर्वांत शहाणे वाटले ते गोदामाचे प्रमुख. रागावू नका. पहिल्या वेळी त्यांनी न वाचता मम म्हटलं, ही चूक त्यांचीच. पण त्या ‘मम’चं पुढे काय झालं ते पाहून त्यांनी जो धडा घेतला, तो अगदी बरोबर आहे. मॅनेजरनी भरल्या मीटिंगमध्ये तो मेल उघडला, त्याच क्षणी तुमच्या प्रोजेक्टमध्ये सहीचा अर्थ ठरून गेला: पुढे कधीतरी आपल्याच अंगावर येणारा कागद. असा कागद समोर आला की माणूस एक तर सही टाळतो, नाही तर प्रत्येक नियमाच्या शेपटीला ‘व इतर आनुषंगिक बाबी’ जोडून स्वतःपुरती पळवाट ठेवतो. यातल्या कशानेच सिस्टीम सुधारत नाही.

म्हणून सही कशी मिळवायची हे थोडं बाजूला ठेवू. आधी हे बघू, की अकरा जाणत्या माणसांनी न वाचता ‘अप्रूव्ह्ड’ का लिहिलं?

पहिलं कारण उघड आहे, १४० पानं. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस गाड्या लावण्यात आणि माल उतरवून घेण्यात जातो. त्याला १४० पानं पाठवून “शुक्रवारपर्यंत शेरे द्या” म्हटलं, की शेरे नाही आले तरी चालतील असाच निरोप त्याला पोचतो. दुसरं, अकरा जणांना एकच मेल गेला की प्रत्येकाला वाटतं, उरलेले दहा वाचतीलच. आणि तिसरं कारण आपण बीए मंडळी सहसा कबूल करत नाही: ते डॉक्युमेंट वाचवत नाही. पहिली वीस पानं उद्देश, व्याप्ती, संक्षेपांची यादी आणि व्हर्जनचा तक्ता. गोदामाचा पहिला नियम येईपर्यंत वाचणाऱ्याचा दम संपलेला असतो.

मीही यातून गेले आहे, आणि माझी करणी तुमच्यापेक्षा वाईट होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लायंटला मी ९० पानांचं डॉक्युमेंट पाठवलं आणि वीस मिनिटांत ते अप्रूव्ह होऊन परत आलं. मला इतका राग आला की पुढच्या डॉक्युमेंटच्या ६१व्या पानावर मी मुद्दाम एक वाक्य पेरलं: ‘दर मंगळवारी सिस्टीमने सर्व रिपोर्ट उलट्या क्रमाने छापावेत.’ तेही अप्रूव्ह झालं. चोर रंगेहाथ पकडल्याचा आनंद झाला मला. मग ते वाक्य काढायचं मी साफ विसरले. दोन महिन्यांनी टेस्टरचा प्रश्न आला: मंगळवारी सुट्टी असेल तर बुधवारी उलटे छापायचे का? सगळ्या साखळीत वाचणारा तो एकटाच निघाला! गोष्ट फिरत फिरत क्लायंटच्या कानावर गेली, आणि त्या माणसाने माझ्याशी मोकळेपणाने बोलणं सोडलं ते सोडलंच. ही युक्ती तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. करू नका. मला त्यातून कामाची गोष्ट मिळाली ती एवढीच, की टेस्टरला रिव्ह्यूत पहिल्या दिवसापासून बसवावं. प्रत्येक वाक्य उद्या त्याला तपासायचं असतं, त्यामुळे ‘तात्काळ म्हणजे किती मिनिटांत?’ हे विचारल्यावाचून त्याचं चालतच नाही.

तर, लोकांना वाचायला कसं लावायचं? माझं सरळ उत्तर: लावू नका. त्यांना बसवा आणि त्यांच्याच कामाचं एक उदाहरण समोर मांडा.

तुमचं डॉक्युमेंट मी पाहिलेलं नाही, पण पैज लावते, त्यात या चालीचं एक वाक्य आहे: ‘खराब माल परत आल्यास सिस्टीमने योग्य ती नोंद करून संबंधितांना तात्काळ कळवावे.’ मेलवर हे वाक्य अकराच्या अकरा जण पास करतील. त्यात चूक काय आहे? काहीच नाही. त्यात काहीच नाही.

आता हेच वाक्य घेऊन सहा जणांना एका खोलीत बसवा: गोदामाचे प्रमुख, अकाउंट्समधलं कुणी, विक्रीतलं कुणी, टेस्टर, डेव्हलपर आणि तुम्ही. डॉक्युमेंट बंद ठेवा. फळ्यावर लिहा: ग्राहकाला १०० नग पाठवले. त्यातले १२ परत आले. ५ नगांची पेटी चेपली आहे, आतला माल ठीक आहे. ४ फुटलेत. ३ नग आपले नाहीतच, दुसऱ्याच कुणाचे आहेत. आता सांगा, पुढे काय होतं?

गोदामवाले म्हणतील, “पाचांची पेटी बदलून आम्ही त्यांना परत रॅकवर लावतो.” अकाउंट्स विचारेल, “मग त्या पाचांची क्रेडिट नोट (ग्राहकाच्या नावे पैसे जमा केल्याचा कागद) कुणी काढायची?” विक्रीवाले म्हणतील, “आम्ही बाराच्या बारांची त्याच दिवशी देतो, ग्राहक काय थांबतो का?” अकाउंट्स म्हणेल, “त्याच दिवशी? तपासणीच्या आधी? म्हणजे जे तीन आपले नव्हते, त्यांचेही पैसे गेले?” मग थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

या शांततेसाठीच रिव्ह्यू असतो. ‘योग्य ती नोंद’ या तीन शब्दांखाली अकाउंट्स आणि विक्री यांचं जुनं भांडण झाकलेलं होतं. मोघम शब्द बीएच्या आळसातून येतो असं आपल्याला वाटतं. तसाही येतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा तो तह असतो. दोन विभागांचं पटत नाही, वाद मिटवायला कुणाला वेळ नाही, मग दोघांनाही चालेल असा एखादा गुळगुळीत शब्द सापडतो आणि लिहिणाऱ्यालाही कळत नाही की आपण तहनामा लिहिलाय. डेव्हलपरला मात्र तह कोडमध्ये उतरवता येत नाही. क्रेडिट नोट तपासणीच्या आधी निघेल किंवा नंतर. तो कुठली तरी एक बाजू घेतो. पाच महिन्यांनी हरलेली बाजू यूएटीत येते आणि म्हणते, “हे आम्ही मागितलंच नव्हतं.” आणि ते खोटं बोलत नसतात.

भांडण त्याच बैठकीत मिटेल असं नाही. मिटवायचा हट्टही धरू नका. प्रश्न लिहून ठेवा, त्यावर एकाच माणसाचं नाव आणि एक तारीख टाका, पुढे चला. उत्तर आल्यावर नियम साधारण असा दिसेल:

‘माल गोदामात उतरल्यापासून चार तासांच्या आत परत आलेला प्रत्येक नग चांगला, फुटलेला किंवा आपला नाही, यांपैकी एका प्रकारात नोंदवला जाईल. क्रेडिट नोट पहिल्या दोन प्रकारांचीच, आणि नोंद झाल्यावरच निघेल. चार तासांत नोंद झाली नाही तर गोदाम प्रमुख आणि त्या ग्राहकाचा विक्री प्रतिनिधी, दोघांना मेल जाईल. उदाहरण: १२ नग परत, ५ चांगले, ४ फुटलेले, ३ आपले नाहीत, क्रेडिट नोट ९ नगांची.’

चार तास हा आकडा मी नमुन्यादाखल घातला आहे, तुमचा आकडा गोदाम ठरवेल. पण त्या शेवटच्या ओळीकडे बघा. गोदामाच्या प्रमुखांना बाकीचं सगळं कंटाळवाणं वाटलं तरी ‘९ नगांची’ हे ते वाचतीलच, आणि चुकीचं असेल तर तिथल्या तिथे सांगतील. टेस्टरला तीच ओळ आयती टेस्ट केस म्हणून मिळते. मी हल्ली उदाहरण नसलेला नियम रिव्ह्यूला नेतच नाही.

वाक्य कसं बांधावं यासाठी एक जुनी-नवी युक्ती आहे. रोल्स-रॉइसमध्ये अ‍ॅलिस्टर मेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रिक्वायरमेंट लिहिण्याचे थोडे ठरलेले साचे मांडले, ‘इअर्स’ या नावाने ते ओळखले जातात. अमुक घटना घडली की सिस्टीमने काय करायचं, अमुक स्थिती असेपर्यंत काय करत राहायचं, आणि नको ते घडलं तर काय. मराठीत विचार करणाऱ्याला यात शिकण्यासारखं फारसं नाही, आपल्याकडे जेव्हा-तेव्हा, जोवर-तोवर आणि जर-तर आधीच तयार आहेत. आपण विसरतो तो शेवटचा, जर-तर. नोंद झालीच नाही तर? नेटवर्क गेलं तर? मंजुरी देणारा रजेवर असला तर? यूएटीतल्या तक्रारी बहुतेक इथूनच उगवतात. तुमच्या २७ पैकी किती अशा आहेत ते मोजून बघा.

बैठकीचे काही नियम मात्र कडक ठेवा. मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आयबीएममधल्या अनुभवावरून इन्स्पेक्शनची जी पद्धत मांडली, ती मुळात डिझाइन आणि कोडसाठी होती, पण रिक्वायरमेंटलाही चपखल बसते. बैठक दोन तासांच्या वर नाही, कारण त्यानंतर डोळे उघडे असले तरी डोकं मिटलेलं असतं. बैठक चालवणारा वेगळा आणि डॉक्युमेंट लिहिणारा वेगळा. बैठकीत चुका शोधायच्या, दुरुस्त करत बसायचं नाही. दुरुस्ती लिहिणाऱ्याने नंतर करायची आणि ती झाली की नाही हे बैठक चालवणाऱ्याने बघायचं. आणि फेगन यांनी बजावून सांगितलेली गोष्ट: सापडलेल्या चुका कुणाच्या कामाच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत. ही शेवटची अट तुमच्या मॅनेजरना आधी सांगा. रिव्ह्यूत ४० चुका निघाल्या की “एवढ्या कशा?” असा प्रश्न आला, तर पुढच्या रिव्ह्यूत चार निघतील आणि उरलेल्या छत्तीस यूएटीत.

लिहिणारा वेगळा का, तर आपण आपल्याच वाक्याचे वकील होतो. कुणी म्हणालं “हे कळलं नाही,” की आपण लगेच समजावून सांगतो, समोरचा “अच्छा, अच्छा” म्हणतो आणि वाक्य जसंच्या तसं राहतं. डेव्हलपरच्या शेजारी तुम्ही समजवायला बसणार नाही आहात. बैठकीत तुमचं काम फक्त लिहून घेण्याचं. हे जमायला मला कितीतरी वर्षं लागली, अजूनही कधीकधी तोंड उघडतंच.

१४० पानांचं काय? ती एकदम कुणालाच पाठवू नका. कामाच्या ओघाप्रमाणे त्यांचे तुकडे करा: माल उतरणं, तपासणी, क्रेडिट नोट, परत रॅकवर लावणं, रिपोर्ट. एका बैठकीला एक तुकडा, दहा-बारा नियम, ज्यांचा संबंध तेच लोक. पाच बैठका म्हणजे फार वाटतं, पण तुम्ही तीन रिमाइंडर आणि पाच महिने घालवलेच होते. बैठकीच्या दोन दिवस आधी फक्त त्या तुकड्याची पानं द्या, आणि सोबत प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न. “शेरे द्या” असं लिहू नका. “तपासणी न झालेला माल रात्री कुठे ठेवता, हे नियम ७ मध्ये बरोबर आलंय का?” असं विचारा. या प्रश्नाला ‘अप्रूव्ह्ड’ हे उत्तर देता येत नाही.

शेऱ्यांसाठी एकच एक्सेल पुरे. नंबर, कुणाचा, कुठल्या नियमावर, काय ठरलं, कुणी ठरवलं. नाकारलेला शेराही त्यात राहू द्या, कारणासकट. ज्याचा शेरा उत्तराशिवाय गायब होतो, तो पुढच्या वेळी लिहीत नाही. स्पेलिंगच्या चुका यात घेऊ नका, त्या थेट तुम्हाला कळवायला सांगा. नाही तर यादी भरगच्च दिसते आणि सगळ्यांना वाटतं रिव्ह्यू झाला. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेले नियम पाठवायचे, बदल रंगवून. आणि फाइलचं नाव ‘फायनल_फायनल_नवीन’ असं दिसलं तर समजा की व्हर्जन नंबर कुणाच्याच विश्वासातला उरलेला नाही.

आता सही. अकरा सह्या घेऊ नका. प्रत्येक तुकड्याला विचारा: हा नियम चुकला तर सोमवारी सकाळी कुणाचं काम अडेल? सही त्याची. तपासणीच्या नियमांवर गोदामाची, क्रेडिट नोटच्या नियमांवर अकाउंट्सची. खर्चाला आणि एकूण व्याप्तीला ज्याच्याकडून पैसे येतात त्या स्पॉन्सरची. बाकीच्यांपैकी काहींचं मत हवं असतं, काहींना नुसतं कळवायचं असतं. त्यांना सहीच्या रांगेत उभं केलं तर ज्याची सही खरी, त्याच्याही सहीचं वजन जातं.

आणि सहीच्या वर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. ‘अप्रूव्ह्ड’ या एका शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. मॅनेजरच्या लेखी तो ‘आता बदल नाही’, गोदामाच्या लेखी ‘ठीक आहे, चालू द्या’. त्याऐवजी मी साधारण असा मजकूर ठेवते:

‘तपासणीचे नियम १ ते १२, व्हर्जन २. हे नियम उदाहरणांसकट मी माझ्या विभागापुरते तपासले. नियम ४ आणि ९ यांवरचे प्रश्न अजून उघडे आहेत. त्यांची उत्तरं समोर दिलेल्या व्यक्ती समोरच्या तारखेपर्यंत देतील आणि तोवर त्या दोन नियमांचं काम सुरू होणार नाही. बाकीच्यांचं काम या मजकुरावरून सुरू करावं. पुढे बदल लागला तर तो मागता येईल. त्याला किती वेळ आणि किती खर्च लागेल हे टीम आधी सांगेल, आणि मग करायचा की नाही हे आम्ही मिळून ठरवू.’

हा कागद गोदामाच्या प्रमुखांसमोर ठेवा. त्यातलं “पुढे बदल मागता येईल” हे वाक्य त्यांना स्वतः वाचू द्या. त्यांना आजवर असं कुणी लिहून दिलेलं नाही. आणि मॅनेजरना “वेळ आणि खर्च आधी सांगेल” हे दाखवा. त्यांना जी भीती आहे, फुकटात बदल करत बसण्याची, तिचं उत्तर त्यात आहे. उघडे प्रश्न असताना सही घेणं मॅनेजरना पटणार नाही कदाचित. पण उघडे प्रश्न कागदावर असले काय आणि पोटात असले काय, असतातच. कागदावर असले तर निदान एस्टिमेटमध्ये धरता येतात.

“पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती धरू” ही ओळ पुष्कळ जण मेलच्या तळाशी टाकतात. ज्यांना नुसतं कळवायचंय त्यांच्यापुरती ती ठीक आहे. ज्याची सही हवी त्याच्या बाबतीत ती वापरू नका. त्याने उत्तर दिलं नाही तर स्पॉन्सरला दोन ओळी लिहा: तपासणीचे नियम अडले आहेत, त्यामुळे क्रेडिट नोटचं कामही अमुक तारखेपासून थांबेल. तक्रारीचा सूर नको, नुसती तारीख. एखाद्या वेळी थांबणं खरंच परवडत नसेल तर गृहीतक लिहून पुढे जा, पण ते कुणाच्या जबाबदारीवर हे स्पॉन्सरकडून लिहून घ्या. गप्प माणसाच्या नावावर नको.

मॅनेजर म्हणतील, एवढे कुटाणे कशाला, मोठं डॉक्युमेंट करू, सगळं त्यात घालू, एकदाच सही. त्यांना एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेची गोष्ट सांगा. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाची, तपासाच्या फाइली सांभाळणारी सिस्टीम एफबीआयने २००५ मध्ये सोडून दिली, सुमारे १७ कोटी डॉलर घालवून. तिच्या रिक्वायरमेंटची पानं ८०० च्या वर होती, आणि तरी काम चालू असताना बदलांच्या मागण्या शेकड्यांनी येतच राहिल्या. पानं कमी होती म्हणून काही तो प्रोजेक्ट बुडाला नाही.

अजाइलवाल्या सहकाऱ्याला फार उत्तर देत बसू नका. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यात करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर काम करण्याला जास्त मोल दिलंय, हे खरं. पण स्प्रिंटमध्ये (कामाच्या छोट्या फेरीत) स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, घेण्याआधी तिचे अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे ती पुरी झाली हे ठरवणाऱ्या अटी, कुणाशी तरी बसून ठरवावेच लागतात. १२ नगांचं ते उदाहरण तिथेही तसंच्या तसं चालतं. सहीचा कागद छोटा होतो, इतकंच. त्याला विचारा, काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर क्रेडिट नोटचा नियम कुणाला विचारून ठरवतो? उत्तर आलं नाही तर तुमचं काम दोघांचंही एकच आहे.

सही झाल्यावर डॉक्युमेंट कपाटात जातं, हा पुढचा आजार. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होतं आणि ते वापरणारं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटन-सेकंद समजत होतं, म्हणजे जवळजवळ साडेचार पटींचा फरक. दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या कागदात, म्हणजे इंटरफेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये, मेट्रिक एककं हवीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मोघम काही नव्हतं. लिहिल्याप्रमाणे आकडे येताहेत का, हे कुणी पडताळलं नाही. म्हणून तुमच्या एक्सेलमध्ये आणखी एक रकाना घाला, प्रत्येक नियमासमोर त्याच्या टेस्ट केसचा नंबर. रकाना रिकामा असेल तर तो नियम सध्या फक्त कागदावर आहे. आणि गोदामाच्या प्रमुखांना यूएटीची वाट बघायला लावू नका. तपासणीची स्क्रीन उभी राहिली की तेच १२ नग त्यांच्या हातून टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

उरल्या त्या २७ तक्रारी. दुसरा टप्पा सुरू करण्याआधी त्या घ्याच, नाही तर तुमच्या नव्या पद्धतीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक तक्रार तीनपैकी एका ढिगात टाका: लिहिलंच नव्हतं, लिहिलं होतं पण दोघांनी वेगवेगळं समजून घेतलं, लिहिलं होतं, समजलंही होतं, आता विचार बदलला. ही वाटणी तुम्ही एकटीने करू नका आणि मॅनेजरसमोर तर मुळीच नको. गोदामाच्या प्रमुखांबरोबर बसून करा, त्यांच्याच जागेवर जाऊन. पहिल्या दोन ढिगांत तुमच्या बाजूची चूक निघेल, ती मान्य करा. तुम्ही तीन-चार मान्य केल्यात की ते आपण होऊन एखादी तिसऱ्या ढिगात टाकतील. मी हे दोनदा केलंय, दोन्ही वेळा असंच घडलं. दुसऱ्या वेळी तर समोरचे गृहस्थ स्वतःची तक्रार वाचून हसायलाच लागले. तिसऱ्या ढिगावर बदलाचा खर्च लावायला मग मॅनेजरनाही आधार मिळतो, आणि कुणाचा जुना मेल काढावा लागत नाही.

त्या भेटीला जाताना सहीचा विषय काढू नका. फळ्यावरचं ते उदाहरण एका कागदावर लिहून न्या आणि विचारा, “यातले तीन नग आपले नाहीत, तुम्ही त्यांचं काय करता?” मला वाटतं, ते अर्धा तास बोलतील.

आणि घरी गेल्यावर जुन्या डॉक्युमेंटमध्ये ‘संबंधित’ हा शब्द सर्च करून बघा. माझ्या त्या ९० पानांत तो ३१ वेळा निघाला होता.